यकृतातली बिनकर्करोगी गाठ: दुर्बीण, सुई की रक्तवाहिनीतून?

दुधनाकाठ, सेलू (जनरल प्रॅक्टिस):

मंडळी, एका पेशंटच्या रिपोर्टवर मत हवंय. बाई ४३ वर्षांच्या, शेतमजूर, वजन ५२ किलो. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली जडपणा, अधूनमधून मळमळ. ताप नाही, कावीळ नाही. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात ७.४ × ६.१ सेंमीची, स्पष्ट कडांची पांढरट गाठ, सेगमेंट ६ मध्ये (यकृताचे आठ भाग धरतात, त्यातला सहावा), अगदी बाहेरच्या कडेला. सोबत पित्ताशयात ८ मिमीचा एक खडा. सीटी झालाय, पण कॉन्ट्रास्ट (डाय) देऊन एकाच फेजचा, म्हणजे एकाच टप्प्यावर टिपलेला. रिपोर्टात 'हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) असू शकतो' एवढंच. हिमोग्लोबिन ९.८, प्लेटलेट २ लाख १० हजार, एसजीपीटी ३१, बिलिरुबिन ०.७, क्रिएटिनिन ०.८, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह.

एका ठिकाणी सांगितलंय की दुर्बिणीतून गाठ अन् पित्ताशय एकाच वेळी काढू. दुसरीकडं म्हणायलेत की सुई घालून गाठ जाळू, दुसऱ्या दिवशी घरी. तिसऱ्यानं मांडीच्या धमनीतून औषध सोडायचं सुचवलंय. घरचे विचारायलेत की यातलं कमी त्रासाचं कोणतं. त्यांना पुढं पाठवायच्या आधी माझ्या पातळीवर काय काय झालेलं असावं?


यकृतशल्य, छत्रपती संभाजीनगर:

डॉक्टर, पद्धतीचा विचार नंतर. आधी दोन गोष्टी ठरायच्या राहिल्यात: गाठ नेमकी कसली, अन् त्रास गाठीचाच आहे का.

एका फेजच्या सीटीवर हिमॅन्जिओमाचं निदान पक्कं होत नाही. ट्रिपल फेज लागतो. डाय सोडल्यावर साधारण ३० सेकंदांनी धमनीची फेज, ७० सेकंदांनी पोर्टल, आणि मग उशिराची, ती किमान ३ ते ५ मिनिटांनी. हिमॅन्जिओमात डाय आधी कडेनं तुटक ठिपक्यांत भरतो आणि हळूहळू मध्याकडं सरकतो. त्या ठिपक्यांचा पांढरेपणा प्रत्येक फेजला महाधमनीच्या पांढरेपणाशी जुळतो, हे मुद्दाम तपासायचं. मोठ्या गाठीत मधोमध जुनी गुठळी किंवा तंतुमय भाग असतो, तो शेवटपर्यंत भरत नाही. रिपोर्टात 'मध्यभागी नेक्रोसिस' (मेलेला भाग) असा शब्द आला की घरात रडारड सुरू होते. कडेचं भरणं नमुनेदार असेल तर त्या मधल्या काळ्या भागाला फारसा अर्थ नाही. तरी शंका उरली तर एमआरआय. त्यातल्या टी२ नावाच्या चित्रांवर हिमॅन्जिओमा पाण्याइतका पांढरा दिसतो. बायोप्सी करू नका. रक्तानं भरलेली गाठ कडेला असताना बाहेरून सुई थेट तिच्यात घातली तर रक्त सरळ पोटात उतरतं.

आता त्रासाचं. जेवल्यावर जडपणा आणि मळमळ हे ८ मिमीच्या खड्यानंही होतं, आम्लपित्तानंही होतं. एंडोस्कोपी आधी करून घ्या. हिमोग्लोबिन ९.८ चं खापर गाठीवर फोडू नका. पाळीचा रक्तस्राव, लोहाची कमतरता, जंत हे वेगळं बघा. हिमॅन्जिओमा काढूनही दुखणं तसंच राहिलेले पेशंट असतात, आणि त्यांचं दुखणं बहुतेक वेळा मुळात दुसऱ्याच कशाचं असतं.

हिमॅन्जिओमाचा कर्करोग होत नाही. आपणहून फुटणं फार दुर्मीळ. म्हणून '७ सेंमी झाली' हे एवढंच काढायचं कारण धरत नाहीत. कारणं ही: त्रास गाठीचाच असल्याची खात्री, जठर किंवा पित्तनलिकेवर दाब, भराभर वाढ, निदानाबद्दल खरी शंका, आणि कॅसाबॅक-मेरिट, म्हणजे गाठीतच प्लेटलेट अन् फायब्रिनोजेन खर्च होऊन रक्त गोठायचं थांबणं. तुमच्या पेशंटच्या प्लेटलेट चांगल्या आहेत. एकदा पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि फायब्रिनोजेन करा की तो मुद्दा मिटला.

'पित्ताशय काढतोच आहोत तर गाठही काढू' हा सोयीचा हिशेब मला पटत नाही. पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि यकृतातली गाठ सोडवणं यांत रक्तस्रावाची जोखीम सारखी नाही. २००८ मध्ये लुईव्हिल इथल्या आंतरराष्ट्रीय सहमतीतही हेच बजावलं होतं की दुर्बीण हाताशी आली म्हणून साध्या गाठी काढायची कारणं वाढवू नयेत.


कॅथलॅब, नांदेड (इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी):

वरच्याशी सहमत. सुईबद्दल अन् धमनीबद्दल माझ्या बाजूचं लिहितो, कारण 'दुसऱ्या दिवशी घरी' हे वाक्य फार स्वस्तात वापरलं जातंय.

जाळण्याचे दोन प्रकार, रेडिओफ्रिक्वेन्सी आणि मायक्रोवेव्ह. ६० अंशांच्या वर पेशी जवळपास लगेच मरतात. एका मायक्रोवेव्ह अँटेनानं १० मिनिटांत साधारण ३ ते ४ सेंमीचा गोळा भाजला जातो. म्हणजे ७.४ सेंमीला सुई बऱ्याचदा जागा बदलून घालावी लागेल आणि भाजलेले गोळे एकमेकांवर यावे लागतील. खरी अडचण पुढं आहे. हिमॅन्जिओमा म्हणजे रक्ताचा साठा. तो तापला की तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन लघवीतून उतरतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडं अडकतात. गाठ जितकी मोठी अन् जाळायची वेळ जितकी लांब, तितका हा धोका जास्त. म्हणून मोठ्या गाठीला एकाच बैठकीत संपवायचा हट्ट धरायचा नाही. सलाइन भरपूर, लघवीवर तासातासाला नजर, रंग बदलला तर सोडाबायकार्ब देऊन लघवी अल्कधर्मी ठेवायची, दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन.

दुसरी अडचण जागेची. गाठ बाहेरच्या कडेला आहे, सेगमेंट ६ खाली मोठ्या आतड्याच्या वळणाला अन् मूत्रपिंडाला टेकतो. सुई थेट गाठीत न घालता किमान १ सेंमी निरोगी यकृतातून न्यावी लागते, नाहीतर बाहेर काढताना छिद्रातून रक्त वाहतं. काढताना सुईचा मार्गही भाजत यायचा. आतडं जवळ असेल तर मधे द्रव सोडून ते दूर सारतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत त्यासाठी ५ टक्के डेक्स्ट्रोज वापरायचं. सलाइन नाही, कारण सलाइनमधून वीज वाहते आणि वाचवायला गेलेलं आतडंच भाजतं. रेडिओफ्रिक्वेन्सीत मांड्यांना पॅड लावतात. ते अर्धवट चिकटले तर तिथं कातडी भाजते. मायक्रोवेव्हला पॅड लागत नाही.

या पेशंटला मी सुई सुचवणार नाही. उपचार लागलाच तर धमनी किंवा दुर्बीण.

एम्बोलायझेशनचं, म्हणजे धमनीतून औषध सोडून गाठीचा रक्तपुरवठा अडवण्याचं, असं आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून ५ फ्रेंचची नळी सीलियाक धमनीत, तिच्यातून बारीक मायक्रोकॅथेटर गाठीच्या शाखेपर्यंत. हिमॅन्जिओमाला बहुतेक ब्लिओमायसिन (पेशी मारणारं औषध) आणि लिपिओडॉल (तेलकट डाय) यांचं मिश्रण वापरतात. स्क्रीनवर बघत हळू सोडायचं, प्रवाह मंदावला की थांबायचं. जोर लावला तर औषध उलटून पित्ताशयाच्या धमनीत जातं आणि पित्ताशयाला सूज येते. तुमच्या पेशंटचं पित्ताशय आधीच खड्याचं आहे, हे ध्यानात असू द्या.

त्याआधी बघायचं: आयएनआर १.५ च्या खाली, प्लेटलेट ५० हजारांच्या वर, क्रिएटिनिन, छातीचा एक्स-रे (ब्लिओमायसिन फुफ्फुसाला बाधतं), आणि डॉपलरवर पोर्टल शीर (आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी) मोकळी. पोर्टल बंद असताना धमनीही अडवली तर यकृताचा तो तुकडा मरतो. आणखी एक प्रश्न नेहमी विसरला जातो: आधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केलेला उपचार) करून पित्तनलिकेचं तोंड कापलंय का, स्टेंट टाकलाय का? तसं असेल तर आतड्यातले जंतू वर चढलेले असतात आणि एम्बोलायझेशननंतर यकृतात पू धरायची शक्यता बरीच वाढते.

नंतर तीन-चार दिवस ताप, दुखणं, उलटी होते, एसजीपीटी चढतं. हे अपेक्षित आहे, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. ताप आठवड्याच्या पुढं रेंगाळला किंवा थंडी वाजून यायला लागला तर सोनोग्राफी करा, पू शोधा. गाठ लगेच जात नाही. ती काही महिन्यांत आक्रसते, पूर्ण नाहीशी होईलच असं नाही, अन् काहींना पुन्हा करावं लागतं. पुढं कधीही दुसरी शस्त्रक्रिया झाली तर ब्लिओमायसिन दिल्याचं भूलतज्ज्ञाला सांगायचं, डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून द्यायचं.


यकृतशल्य:

पित्ताशयाचा मुद्दा बरोबर काढलात. दुर्बिणीचं मी लिहायचं राहिलं होतं.

सेगमेंट २, ३, ५, ६ आणि ४ चा खालचा भाग दुर्बिणीला सोपा. ७, ८, १ आणि ४ चा वरचा भाग अवघड, कारण तिथं वाकून पोचावं लागतं आणि मोठ्या शिरा जवळ. तुमच्या पेशंटची गाठ सोप्या जागेत आहे, फक्त ती सेगमेंट ७ मध्ये किती चढलीय हे सीटीच्या उभ्या छेदात बघायला हवं. पेशंटला डाव्या अंगावर अर्धवट वळवायचं, उजवी बाजू वर, डोकं वर. पोर्ट (दुर्बिणीची छिद्रं) चार ते पाच, गॅसचा दाब १० ते १२ मिमी पारा.

हिमॅन्जिओमात यकृताचा मोठा तुकडा कापायची गरज सहसा नसते. गाठ वाढताना भोवतालचं यकृत दाबत जाते आणि मधे एक तंतुमय पदर तयार होतो. त्या पदरातून गाठ सोलून काढायची, याला एन्यूक्लिएशन म्हणतात. पदरात राहिलं तर रक्त कमी, पित्तनलिका वाचतात. पदर सोडून गाठीत शिरलं की रक्ताचा पूर, आणि पदराबाहेर यकृतात शिरलं की पित्ताची गळती. सुरुवातीलाच यकृताच्या मुळाशी, जिथून धमनी अन् पोर्टल शीर आत शिरतात, टेप घालून ठेवायची. रक्त वाढलं की १५ मिनिटं आवळायची, ५ मिनिटं सोडायची, असं चक्र. आवळल्यावर गाठही मऊ पडते, धरायला सोपी जाते. गाठीला जाणारी धमनीची फांदी आधी सापडून क्लिप झाली तर निम्मं काम झालं. गाठ यकृताच्या अगदी पोटात असेल तर मात्र पदर शोधण्यापेक्षा तो सेगमेंट काढलेला बरा.

काढलेली गाठ पिशवीत घालून, ओटीपोटावर आडवा छेद घेऊन बाहेर. रक्ताच्या दोन पिशव्या क्रॉसमॅच करून हाताशी. पोट उघडावं लागलं तर ते अपयश नाही, पण ती शक्यता संमतीपत्रात आणि बोलण्यातही आधी आलेली असावी. निचऱ्याच्या नळीत तिसऱ्या दिवशी किंवा नंतर बिलिरुबिन रक्तातल्यापेक्षा तिप्पट असेल तर ती पित्ताची गळती. बहुतेक गळती नळी ठेवून थांबते, नाहीतर ईआरसीपी करून स्टेंट. सुरळीत झालं तर घरी जायला तीन ते पाच दिवस.


भूलवाले, अंबाजोगाई:

टेप अन् क्लिपबरोबर शिरेचा दाबही लिहा हो. यकृत कापेपर्यंत सलाइन हात राखून द्यायचं, सीव्हीपी, म्हणजे मोठ्या शिरेतला दाब, ५ च्या खाली ठेवायचा, कारण यकृताच्या शिरांतून येणारं रक्त टेप आवळून थांबत नाही. मात्र दाब इतका कमी असताना शीर उघडी पडली तर पोटातला कार्बन डायऑक्साइड तिच्यात शिरू शकतो. ईटीसीओटू (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) अचानक खाली आला आणि बीपी पडला की आधी गॅस बंद, १०० टक्के ऑक्सिजन, डोकं खाली आणि डावी कूस. कार्बन डायऑक्साइड रक्तात चटकन विरघळतो म्हणून बहुतेक वेळा निभावतं. हिमोग्लोबिन ९.८ वर ही शस्त्रक्रिया घाईनं घ्यायला मी तयार होणार नाही. आधी लोह द्या, ११ च्या पुढं न्या. घाई कशाला, गाठ कुठं पळून चाललीय?


मांजराकाठ, लातूर (फिजिशियन):

याच धाग्यात विचारतो. २६ वर्षांचा मुलगा, तालुक्याच्या जिममध्ये 'बॉडीची' इंजेक्शनं वर्षभर घेतलेली. योगायोगानं ४.२ सेंमीची गाठ सापडली, सेगमेंट ३. धमनीच्या फेजला उजळते, नंतर विरते. एएफपी (यकृताच्या कर्करोगाची रक्तातली खूण) नॉर्मल. ५ सेंमीच्या खाली आहे म्हणून लक्ष ठेवायचं का?


यकृतशल्य:

नाही. इथं वरचा सगळा हिशेब उलटा होतो. हे अ‍ॅडिनोमा, म्हणजे यकृतपेशींचीच गाठ, असण्याची दाट शक्यता आहे. ५ सेंमीची मर्यादा बायकांसाठी. पुरुषात अ‍ॅडिनोमा कितीही लहान असला तरी काढायचा, कारण त्यातून कर्करोग व्हायची शक्यता पुरुषांत जास्त. युरोपच्या यकृत संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात हे स्पष्ट आहे. एएफपी नॉर्मल असण्यानं काहीच सिद्ध होत नाही. इंजेक्शनं आजपासून बंद. प्रोटीन पावडरच्या नावाखाली काय काय पोटात जातंय तेही विचारा.

आधी एमआरआय, गॅडॉक्सेटेट (यकृतपेशींत शिरणारा डाय) देऊन, २० मिनिटांनंतरच्या फेजसह. फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया (एफएनएच, आणखी एक साधी गाठ) असेल तर तो या फेजला भोवतालच्या यकृताइतका किंवा जास्त उजळ राहतो, आणि त्याला उपचार लागत नाही. अ‍ॅडिनोमा बहुतेक काळा पडतो. काही उपप्रकार उजळही राहतात, म्हणून नुसत्या या एका फेजवर विसंबू नका.

सेगमेंट २-३ काढणं ही दुर्बिणीची सगळ्यात रुळलेली यकृतशस्त्रक्रिया आहे. पण इथं सोलून काढायचं नाही. भोवतालच्या निरोगी यकृतासकट, गाठ न फोडता, अख्खी बाहेर काढायची. पॅथॉलॉजीला ग्लुटामिन सिंथेटेज आणि बीटा-कॅटेनिनचे रंग मागा. एक्झॉन ३ मधला बीटा-कॅटेनिनचा बदल (कर्करोगाकडं झुकवणारा जनुकातला बदल) निघाला तर पाठपुरावा कडक.


प्रसूतिगृह, धाराशिव:

बायकांच्या अ‍ॅडिनोमाबद्दल दोन ओळी. माला-एन किंवा कुठलीही इस्ट्रोजेनची गोळी चालू असेल तर बंद, तांबी बसवा. वजन जास्त असेल तर कमी करायला लावा. ६ महिन्यांनी पुन्हा एमआरआय. तरीही ५ सेंमी किंवा वर असेल, अथवा व्यास २० टक्क्यांनी वाढला असेल तर काढायचा. हिमॅन्जिओमा आणि एफएनएचमध्ये गोळी बंद करायची गरज नाही, गर्भारपणालाही आडकाठी नाही. ५ सेंमीखालच्या अ‍ॅडिनोमातही मूल होऊ देता येतं, फक्त ६ ते १२ आठवड्यांनी सोनोग्राफी करत राहायची. 'यकृतात गाठ आहे, लेकरू होऊ देऊ नका' असं सरसकट सांगितलं जातं ते थांबायला हवं.


कॅथलॅब:

अ‍ॅडिनोमा पोटात फुटून आला तर शस्त्रक्रियेची घाई करू नका. रक्त द्या, सीटी करा, धमनी अडवून रक्तस्राव थांबवा. गाठ काढायची की नाही ते रक्त जिरल्यावर पुन्हा फोटो काढून ठरवा.

आणखी एक, जे आपल्या भागात महत्त्वाचं. सोनोग्राफीत पाण्याची गाठ दिसली तर 'साधी सिस्ट, सुईनं उपसू' असं म्हणायच्या आधी हायडॅटिड (कुत्र्यांतल्या फीतकृमीमुळं होणारी सिस्ट) आहे का बघा. शेळ्या-मेंढ्या अन् कुत्री एकत्र असलेल्या घरांत हा प्रश्न आधी विचारायचा. आत पदर सुटलेला दिसतोय का, मोठ्या सिस्टच्या आत लहान सिस्ट आहेत का, रक्तातली आयजीजी टेस्ट काय म्हणते. हायडॅटिडमध्ये तयारीशिवाय सुई घातली तर द्रव गळून अ‍ॅनाफायलॅक्सिस (जीवघेणी अ‍ॅलर्जी) होऊ शकतो आणि पोटभर नव्या सिस्ट पेरल्या जातात. ५ सेंमीच्या वरच्या सीई१ किंवा सीई३ए (सोनोग्राफीवरून ठरवलेले हायडॅटिडचे प्रकार) सिस्टला सुईचा उपचार होतो, त्याला पेअर म्हणतात: टोचणं, उपसणं, २० टक्के मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल सोडणं, पुन्हा उपसणं. पण त्याआधी अल्बेंडाझोल सुरू झालेलं हवं, नंतरही महिनाभर. प्रौढाला ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, स्निग्ध जेवणाबरोबर, नाहीतर आतड्यातून नीट शोषलं जात नाही. उपसलेल्या द्रवात पित्त दिसलं तर काहीही सोडायचं नाही, पित्तनलिका कायमच्या आकसतात.

साधी सिस्ट त्रास देत असेल तर नुसतं उपसून उपयोग नाही, ती पुन्हा भरते. अल्कोहोलनं आतला थर मारायचा किंवा दुर्बिणीनं छप्पर कापायचं.


दुधनाकाठ:

सगळ्यांचे आभार. म्हणजे माझ्या पेशंटला आधी एंडोस्कोपी, लोह, आयएनआर-फायब्रिनोजेन आणि ट्रिपल फेज. घरचे खर्चाचं विचारायलेत, केशरी कार्ड आहे. आणि सीटी पुन्हा करायचा तर तो यावेळी नीट व्हावा म्हणून चिठ्ठीवर काय लिहू?


कॅथलॅब:

महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण मंजुरी पॅकेजच्या नावावर मिळते. भरती व्हायच्या आधी त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून विचारून घ्या की ठरलेली प्रक्रिया तिथं पॅकेजमध्ये बसते का. काही पॅकेजेस फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात.

चिठ्ठीवर असं लिहा: 'यकृत, ट्रिपल फेज, शिवाय ५ मिनिटांची उशिराची फेज, प्रश्न हिमॅन्जिओमा.' कोपराच्या शिरेत १८ किंवा २० नंबरची कॅन्युला, इंजेक्टरनं सेकंदाला ३ ते ४ मिली. तळहातामागच्या बारीक कॅन्युलातून हातानं डाय ढकलला तर धमनीची फेज वाया जाते आणि पुन्हा 'असू शकतो' असाच रिपोर्ट येतो. ५२ किलोला साधारण ८० मिली डाय पुरतो. मागे डायची अ‍ॅलर्जी झालीय का ते विचारा. फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. हैदराबादला जा की पुण्याला, फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो बघून कुणी काही ठरवू शकत नाही, आणि मग तिथं तोच सीटी तिसऱ्यांदा होतो.